गाय स्ट्युअर्ट कॅलेंडर

गाय स्ट्युअर्ट कॅलेंडर (९ फेब्रुवारी १८९८ – ३ ऑक्टोबर १९६४) हे इंग्लंडमधील अभियंते व हौशी हवामान-अभ्यासक होते. इंधनाच्या ज्वलनामुळे हवेत साठणारा कार्बन डायऑक्साइड आणि पृथ्वीचे वाढते तापमान यांचा संबंध त्यांनी प्रत्यक्ष नोंदींच्या आधारे मांडला. या संबंधास पुढे ‘कॅलेंडर परिणाम’ असे नाव मिळाले.

जीवन

कॅलेंडर यांचा जन्म कॅनडातील माँट्रियल येथे झाला. त्यांचे वडील ह्यू लाँगबोर्न कॅलेंडर हे नामवंत भौतिकशास्त्रज्ञ होते. लंडनमध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण घेतल्यावर गाय यांनी वडिलांसमवेत वाफेच्या गुणधर्मांवर संशोधन केले आणि १९३० मध्ये वडिलांच्या निधनानंतर ते पुढे चालू ठेवले. दुसऱ्या महायुद्धात धावपट्टीलगत पेट्रोल जाळून धुके हटवण्याच्या ‘फायडो’ योजनेत त्यांचा सहभाग होता. हवामानाचा अभ्यास मात्र ते फावल्या वेळात करीत.

१९३८ चा निबंध

कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वी तापू शकते, हे स्वांटे अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये गणिताने दाखवले होते. परंतु या वायूने शोषावयाची उष्णता हवेतील बाष्पच शोषून घेते, असा समज रूढ झाल्याने तो विचार मागे पडला. कॅलेंडर यांनी १९३८ मध्ये रॉयल मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीपुढे निबंध सादर करून तो पुन्हा चर्चेत आणला. मागील ५० वर्षांत इंधनातून सुमारे १५,००० कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळला, असा त्यांचा अंदाज होता. त्यामुळे तापमान दरवर्षी ०.००३ अंश सेल्सियसने वाढावे, असे त्यांचे गणित सांगत होते. सुमारे २०० वेधशाळांच्या नोंदींत प्रत्यक्ष वाढ दरवर्षी ०.००५ अंश आढळली.

आक्षेप आणि उत्तरे

तज्ज्ञांनी या निष्कर्षांवर शंका घेतल्या. बाष्पाविषयीच्या आक्षेपास कॅलेंडर यांनी उष्णताशोषणाच्या नव्या मापनांच्या आधारे उत्तर दिले. जादा वायू समुद्र शोषून घेईल, या मतावर त्यांचे म्हणणे असे की, खोल समुद्राचे पाणी पृष्ठभागी येण्यास फार मोठा काळ लागतो. नोंदींच्या विश्वासार्हतेवरील शंकेमुळे त्यांनी तापमानाच्या नोंदींचा अभ्यास पुढेही चालू ठेवला आणि १९६१ मध्ये त्याचे विस्तारित निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपला सिद्धांत का स्वीकारला जात नाही, याची कारणेही त्यांनी टिपून ठेवली होती. माणसाची कृती एवढ्या प्रचंड व्यवस्थेवर परिणाम करू शकते हा विचारच अनेकांना रुचत नाही, हे त्यांपैकी एक होते.

मूल्यमापन

कॅलेंडर यांचे सर्वच अंदाज अचूक ठरले नाहीत. हवेत मिसळलेल्या वायूचा तीन-चतुर्थांश भाग तेथेच राहतो असे त्यांनी मानले होते. आधुनिक मापनानुसार हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे. तापमानवाढ शेतीस उपकारक ठरेल व हिमयुगाचे पुनरागमन लांबवील, असेही त्यांना वाटे. मात्र हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढत असल्याचे चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ पासून घेतलेल्या मापनांतून सिद्ध झाले. २०१३ मध्ये झालेल्या एका पुनर्तपासणीत कॅलेंडर यांनी हाताने केलेली तापमानाची आकडेमोड आधुनिक आकड्यांशी बरीच जुळत असल्याचे आढळले. त्यांच्या वह्या व कागदपत्रे इंग्लंडमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठात जतन केलेली आहेत.