लेओपोल्ड मोझार्ट : मुलांचे संगीतगुरु

या महोत्सव-अंकासाठीं आम्हीं एखाद्या संताचें चरित्र लिहावें, अशी संपादक मंडळींची अपेक्षा होती. परंतु गेल्या वर्षभरांत आमच्या गायकवृंदांत लहान मुलांचा भरणा झाला, दर शनिवारीं सायंकाळीं देवळाच्या माडीवरून व्हायोलिनचे कच्चे सूर ऐकूं येऊं लागले, आणि आईबाप आम्हांस गांठून विचारूं लागले कीं, फादर, मुलाला शिकवावें तरी कसें, धाकानें कीं गोडीनें? या प्रश्नाचें उत्तर देण्याचा आमचा अधिकार नाहीं. म्हणून ज्यांनीं आपलीं दोन मुलें घरींच शिकविलीं, व त्यांपैकीं एकाचें नांव आज जगभर घेतलें जातें, त्या गृहस्थांची हकीकत येथें देतों. ते संत नव्हते, हें आरंभींच सांगून ठेवितों.

दक्षिण जर्मनींत ऑग्सबुर्ग नांवाचें एक पुरातन शहर आहे. तेथें १४ नोव्हेंबर १७१९ रोजीं एका बुकबाइंडराच्या घरीं लेओपोल्ड मोझार्ट यांचा जन्म झाला. येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेंत त्यांचें शिक्षण झालें. तेथें ते लॅटिन शिकले, शाळेच्या नाटकांत कामें केलीं, देवळांत बाळआवाजांत गाइले आणि ऑर्गनवरही हात बसविला. मुलानें पुढें धर्मगुरु व्हावें अशी वडीलधाऱ्यांची इच्छा होती. १७३६ सालीं वडील वारले. दुसऱ्याच वर्षीं लेओपोल्ड साल्झबुर्ग येथील बेनेडिक्टाइन धर्मगुरूंच्या विद्यापीठांत दाखल झाले. एक पदवी मिळाली खरी, पण १७३९ सालीं वर्गांत फारसें न येण्याच्या कारणावरून विद्यापीठानें त्यांस काढून टाकिलें! ज्या माणसानें पुढें शिस्तीचा एवढा मोठा ग्रंथ लिहिला, त्याची ही विद्यार्थीदशेंतील नोंद वाचून आमच्यासारख्या सेमिनरींत घंटेवर वाढलेल्या माणसास थोडें हंसूं आल्याशिवाय राहत नाहीं.

त्यानंतर त्यांनीं एका सरदारघराण्यांतील धर्माधिकाऱ्याच्या पदरीं चाकरी धरली. १७४३ सालीं साल्झबुर्गच्या आर्चबिशपांच्या दरबारी वाद्यवृंदांत ते चौथे व्हायोलिनवादक झाले, आणि लगेच पुढील वर्षीं महामंदिरांतील गायक मुलांस व्हायोलिन शिकविण्याचें काम त्यांजकडे आलें. त्या काळीं साल्झबुर्गचा आर्चबिशप हाच तेथील राजा असे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. २१ नोव्हेंबर १७४७ रोजीं आना मारिया पेर्टल हिच्याशीं त्यांचा विवाह झाला. गेट्राइडेगासे नांवाच्या अरुंद गल्लींत, हागेनाउअर नांवाच्या व्यापाऱ्याच्या घरांत त्यांनीं बिऱ्हाड केलें. तेथें त्यांस सात मुलें झालीं, आणि त्यांतील पांच तान्हेपणींच गेलीं. राहिलीं दोन : ३० जुलै १७५१ रोजीं जन्मलेली मारिया आना, जिला घरांत नानर्ल म्हणत, आणि २७ जानेवारी १७५६ रोजीं जन्मलेला वोल्फगांग. ज्या बापानें पांच मुलें मातीस दिलीं, तो उरलेल्या दोघांस कसें जपेल व त्यांजवर किती आशा ठेवील, हें लेंकुरवाळ्या माणसांस सांगावयास नको.

वोल्फगांग जन्मला त्याच १७५६ सालीं लेओपोल्ड यांचा व्हायोलिनशिक्षणावरील ग्रंथ ऑग्सबुर्ग येथें लोटर यांच्या छापखान्यांतून बाहेर पडला. पुढें त्याचीं डच व फ्रेंच भाषांतरें झालीं, आणि लेखकाच्या हयातींतच मूळ ग्रंथाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. वाद्य कसें धरावें, गज वर केव्हां ओढावा व खालीं केव्हां, मुरक्या कशा घ्याव्या, हें सर्व त्यांत बारकाईनें आहेच. योग्य धरणुकीच्या चित्राबरोबर चुकीच्या धरणुकीचेंही चित्र दिलें आहे. परंतु आम्हांस त्या ग्रंथांत वाद्यापेक्षां मूल अधिक दिसतें.

एक गोष्ट पाहा. कित्येक शिक्षक नवशिक्याच्या व्हायोलिनवर, बोटें ठेवावयाच्या पट्टीस स्वरांच्या अक्षरांचे कागद चिकटवीत, किंवा स्वराच्या जागीं खांचा पाडीत. लेओपोल्ड यांनीं या प्रकाराची चांगलीच खरडपट्टी काढली आहे. ज्याला कान आहे त्यानें स्वर कानानें शोधावा. आणि ज्याला कागद पाहिल्यावांचून स्वर सांपडतच नाहीं, त्याचा वेळ दुसऱ्या एखाद्या कामीं लागलेला बरा, असा त्यांचा रोख आहे. हें वाचतांना आम्हांस आमचें बाळपण आठवलें. गोमंतकांत पोर्तुगीज अमदानींत धर्मग्रामाच्या शाळांतून मुलांस स्वरलेखन व व्हायोलिन शिकवीत असत, व तेथून निघालेले कितीतरी वादक मुंबईस आले, हें सर्वश्रुत आहे. त्याच वळणाच्या एका मास्तरांनीं आम्हांस पहिला धडा दिला. त्यांनीं आमच्या व्हायोलिनवर असेच चार कागद डकविले होते. पावसाळ्यांत ते सुटून पडले, आणि त्याबरोबर आमची विद्याही गळून पडली! मास्तर प्रेमळ होते. दोष त्यांच्या मनाचा नव्हता, रीतीचा होता.

नवशिक्याच्या हातीं गोड गोड चाली आरंभींच देऊं नयेत, असेंही लेओपोल्ड सांगतात. मूल ती चाल दोनदां ऐकून पाठ करितें. मग डोळे कागदावर आणि बोटें आठवणीवर, असा प्रकार होतो. त्यापेक्षां ज्या तुकड्यांत मध्यें विराम आहेत, जेथें मोजल्यावांचून गत्यंतर नाहीं, असे तुकडे द्यावे, म्हणजे नियम समजला कीं नाहीं तें तत्काळ कळतें. हा उपदेश कठोर आहे. आमच्या माडीवर तो तंतोतंत पाळला, तर निम्मीं मुलें नाताळापूर्वींच पळून जातील अशी आम्हांस भीति वाटते. तथापि त्यामागील विचार खोटा म्हणतां येणार नाहीं.

पण सर्वांत मोलाचा भाग आहे तो मुलाच्या स्वभावाविषयींचा. लयीची चूक ही नेहमींच अज्ञानाची चूक नसते, हें लेओपोल्ड यांनीं ओळखलें होतें. चपळ, आनंदी, तापट मूल धांवतें. उदास, थंड मूल रेंगाळतें. धांवणाऱ्यास संथ तुकडे वाजवितां येण्यापूर्वींच जलद तुकडे दिले, तर ती घाई जन्मभर त्याच्या अंगीं राहते. रेंगाळणाऱ्यास जड, गंभीर तुकडेच देत राहिलें, तर तो कायमचा निस्तेज वादक होतो. म्हणून पहिल्यास संथ गतीनें आवरावें, दुसऱ्यास उल्हासाच्या गतीनें जागें करावें. म्हणजे दोन मुलांस एकच धडा देणारा शिक्षक दोघांपैकीं एकाचें तरी नुकसान करितो. पापनिवेदन ऐकतांना आम्हांस जी गोष्ट कळावयास वीस वर्षें लागलीं, ती या व्हायोलिनवादकानें वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं छापून ठेविली होती.

आतां त्यांच्या घरांत जाऊं. १७५९ सालीं नानर्ल आठ वर्षांची होत होती, तेव्हां तिच्यासाठीं लेओपोल्ड यांनीं एक आडवी वही केली व तींत सोप्यापासून अवघडाकडे जाणारे छोटे छोटे मीनुएट व इतर तुकडे लिहून दिले. बहिणीचा धडा चालला असतां धाकटा भाऊ जवळ घुटमळे. कांहीं दिवसांनीं तोही तेच तुकडे वाजवूं लागला. बापानें वहींतच नोंद केली आहे कीं, अमुक तुकडा वोल्फगांग २४ जानेवारी १७६१ रोजीं, पांचव्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधीं, रात्रीं नऊ ते साडेनऊच्या दरम्यान शिकला. दोनच दिवसांनीं दुसरी नोंद आहे : एक मीनुएट अर्ध्या तासांत आला. ना शाबासकीचा शब्द, ना बढाई. फक्त दिवस आणि वेळ. ज्यानें शिकविण्याचें काम केलें आहे, त्यास या कोरड्या नोंदींतील आनंद दिसल्यावांचून राहणार नाहीं. त्याच वर्षीं मुलानें रचलेले पहिले चिमुकले तुकडे बापानें स्वहस्तें त्याच वहींत उतरून घेतले.

हीं मुलें शाळेंत कधींच गेलीं नाहींत. वाचन, लेखन, गणित, सर्व कांहीं बापानेंच शिकविलें. दरबारांतील तुतारीवादक शाख्टनर हे त्या घरचे स्नेही. त्यांनीं पुढें १७९२ सालीं लिहून ठेविलेल्या आठवणींत येतें कीं, गणित शिकतांना वोल्फगांगनें टेबल, खुर्च्या, भिंती, एवढेंच काय पण जमीनही खडूच्या आंकड्यांनीं भरून टाकिली. एकदां घरांत तिघे वादक एकत्र वाजवीत होते; मुलानें दुसरें व्हायोलिन वाजविण्याचा हट्ट धरिला. बाप म्हणाला, तुला अजून एकही धडा दिलेला नाहीं. मूल रडूं लागलें, तेव्हां शाख्टनर यांनीं रदबदली केली. हळू वाजव, ऐकूं आलें तर उठावें लागेल, या अटीवर परवानगी मिळाली. थोड्याच वेळांत शाख्टनर यांनीं आपलें व्हायोलिन मुकाट्यानें खालीं ठेविलें, कारण त्यांची गरज उरली नव्हती. आणि बापाच्या डोळ्यांस पाणी आलें.

याच शाख्टनर यांनीं दुसरी एक गोष्टही सांगितली आहे, आणि ती गाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. वोल्फगांगला एकट्या तुतारीच्या आवाजाचें विलक्षण भय वाटे. बापाला वाटलें कीं हें भय मोडून काढावें. त्यांच्या सांगण्यावरून शाख्टनर यांनीं मुलापुढें तुतारी फुंकली. मूल पांढरेंफटक पडून खालीं कोसळूं लागलें. आणखी क्षणभर फुंकली असती तर त्यास झटका आला असता. ग्रंथांत मुलाचा स्वभाव ओळखून वागा असें लिहिणाऱ्या गुरूच्या हातून स्वतःच्या मुलाविषयीं ही चूक झाली.

१७६२ सालीं दोन्ही मुलांस घेऊन ते म्युनिक व व्हिएन्ना येथें गेले, आणि ९ जून १७६३ रोजीं निघून पॅरिस, लंडन, हॉलंड असे फिरत २९ नोव्हेंबर १७६६ रोजीं परत आले. राजेरजवाड्यांपुढें मुलांचें वादन झालें, बक्षिसें मिळालीं, आणि दुखणींही आलीं. हॉलंडमध्यें १७६५ सालीं नानर्ल इतकी आजारी पडली कीं तिला अंत्याभ्यंग द्यावा लागला. ती उठते तों वोल्फगांग पडला. आधीं पॅरिसमध्यें मुलांस देवी टोचून घ्या असा आग्रह झाला होता, पण लेओपोल्ड यांनीं तें देवाच्या इच्छेवर सोपविलें. १७६७ सालीं व्हिएन्नाकडील प्रवासांत दोघांसही देवी आल्या. त्या काळची टोचणी धोक्याची होती, जेन्नरची लस १७९६ सालची, हें आम्ही जाणतों. तरीही उपाय हातीं असतां तो न करणें म्हणजेच श्रद्धा, हा अर्थ आम्हांस पटत नाहीं. मुलें वांचलीं, ही परमेश्वराची कृपा.

लेओपोल्ड यांनीं मुलांस पैशासाठीं फिरविलें, असा आक्षेप आजही घेतला जातो. पैसा त्यांस हवा होता, यांत शंका नाहीं. परंतु मुलाचें सामर्थ्य लक्षांत आल्यावर त्यांनीं स्वतःची संगीतरचना व खासगी शिकवण्या जवळ जवळ सोडून दिल्या, आणि १७६३ सालीं मिळालेल्या उपसंगीतप्रमुखाच्या जागेवरून ते मरेपर्यंत वर चढले नाहींत, हेंही ध्यानांत घेतलें पाहिजे.

आमच्या मनास अधिक लागते ती नानर्लची गोष्ट. वादनांत तिचा लौकिक भावाच्या बरोबरीनें झाला होता. परंतु १७६९ सालीं, ती अठरा वर्षांची असतां, बापलेक इटालींत गेले आणि ती आईसह घरीं राहिली. लग्नाच्या वयाच्या मुलीनें गांवोगांव वाजवीत फिरूं नये, हा त्या काळचा रिवाज. वोल्फगांगनें रोममध्यें पवित्र सप्ताहांत अल्लेग्री यांचें मिझेरेरे ऐकून स्मरणानें लिहून काढिलें, व पोप चौदावे क्लेमेंट यांनीं त्यास सन्मान दिला. हें सर्व बहिणीस पत्रांतून वाचावयास मिळालें. आमच्या माडीवर मुलींची संख्या मुलांपेक्षां जास्त आहे, म्हणून ही गोष्ट मुद्दाम लिहिली.

पुढें बापलेकांत अंतर पडलें. १७७७ सालीं लेओपोल्ड यांस रजा मिळेना, म्हणून आई मुलाबरोबर गेली, आणि ३ जुलै १७७८ रोजीं पॅरिसमध्यें वारली. बापानें मुलास लिहिलेल्या पत्रांत दुःखाबरोबर दोषारोपही आहेत. १७८१ सालीं वोल्फगांगनें आर्चबिशप कोलोरेडो यांची नोकरी सोडून व्हिएन्नांत बस्तान बसविलें. पुढच्या वर्षीं ४ ऑगस्ट रोजीं लग्न केलें, तेव्हां बापाची नाखुषीची संमति दुसऱ्या दिवशीं पोंचली. धड्याचा प्रत्येक अर्धा तास मोजणाऱ्या गुरूस, शिष्य मोठा झाल्यावर आपला हात सोडवून घेणारच, हें मात्र सोसलें नाहीं.

तरी शिकविण्याची हौस सुटली नव्हती. म्युनिकच्या नाट्यप्रमुखाचीं दोन मुलें, हाइनरिख व मार्गारेटा मार्शांद, त्यांनीं शिष्य म्हणून घरांत ठेवून घेतलीं. १७८४ सालीं नानर्ल लग्न होऊन सांक्ट गिल्गेन या गांवीं गेली. १७८५ च्या जुलैंत तिला मुलगा झाला, तो आजोबांनीं आपल्याचपाशीं ठेविला आणि त्याची हालहवाल ते मुलीस पत्रांनीं कळवीत राहिले. वोल्फगांगनें मात्र १७८६ सालीं आपलीं मुलें कांहीं काळ सांभाळण्याविषयीं विचारलें, तेव्हां त्यांनीं साफ नकार दिला. एका नातवास मांडीवर घेतलें आणि दुसऱ्यांस दार बंद केलें. याचा मेळ आम्हांस घालतां आलेला नाहीं.

२८ मे १७८७ रोजीं लेओपोल्ड साल्झबुर्ग येथें मरण पावले. सांक्ट सेबास्टियन देवळाच्या स्मशानभूमींत त्यांस पुरलें. मुलगा अंत्यविधीस आला नाहीं.

नानर्लचा पति १८०१ सालीं वारला. मग ती साल्झबुर्ग येथें परत आली आणि मुलांस पियानो शिकवूं लागली. अखेरीस तिची दृष्टि गेली. २९ ऑक्टोबर १८२९ रोजीं तिचें देहावसान झालें. बापानें तिच्यासाठीं केलेली ती वही साल्झबुर्ग येथील मोझार्ट-संस्थेंत आजही जपून ठेविली आहे. तींतील कित्येक पानें सुटून कोठें कोठें गेलीं, पण रात्रीं साडेनऊची ती नोंद जागच्या जागीं आहे.