नारायण मल्हार जोशी

नारायण मल्हार जोशी (५ जून १८७९ – ३० मे १९५५) हे भारतीय कामगार चळवळीचे एक प्रमुख संघटक, समाजसेवक व कायदेमंडळाचे सदस्य होते. ना. म. जोशी या नावाने ते ओळखले जातात. मालकाने कामगाराच्या वेतनातून दंड किंवा नुकसानभरपाई कापण्यावर मर्यादा घालणारा १९३६ चा वेतन प्रदान कायदा ज्या आयोगाच्या शिफारशींतून आला, त्याचे ते सदस्य होते.

जीवन

जोशी यांचा जन्म तत्कालीन कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतल्यावर त्यांनी काही वर्षे अध्यापन केले. १९०९ मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन करून गिरणगावात रात्रशाळा, वाचनालये व सहकारी पतसंस्था चालविल्या. १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेस ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. १९२० मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांपैकी ते एक होत. १९२१ पासून ते मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी होते.

वेतनकपातीचा प्रश्न

मुंबईच्या गिरण्यांत उशिरा येणे, गैरहजर राहणे किंवा काम बिघडणे यासाठी दंड आकारला जाई. विणकराच्या साच्यावर निघालेले कापड सदोष ठरले, तर ते त्याच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून वळती करण्याची पद्धत होती. ते कापड त्याला बाजारात मिळेल त्या भावाने विकावे लागे. वास्तविक कापडातील दोष कच्च्या सुतामुळे किंवा यंत्राच्या बिघाडामुळेही उत्पन्न होत. परंतु दोष कोणाचा हे ठरविणारा व कापलेली रक्कम ठेवून घेणारा एकच पक्ष असे. कामगाराला आपली बाजू मांडण्याची कायदेशीर सोय नव्हती. १९२६ मध्ये भारत सरकारने वेतनातील दिरंगाई व दंड यांविषयी प्रांतिक सरकारांकडून माहिती मागविली.

व्हिटली आयोग व १९३६ चा कायदा

१९२९ मध्ये नेमलेल्या शाही कामगार आयोगावर (व्हिटली आयोग) जोशी यांची नियुक्ती झाली. ट्रेड युनियन काँग्रेसमधील डाव्या गटाने आयोगावर बहिष्काराची भूमिका घेतली. त्याच वर्षी नागपूर अधिवेशनात हा ठराव संमत झाला व संघटनेत फूट पडली. स्वतः उभारलेल्या संघटनेतून जोशी आपल्या सहकाऱ्यांसह बाहेर पडले. आयोगाचे काम मात्र त्यांनी सोडले नाही. १९३१ च्या अहवालात दंड व कपातीवर कायद्याने नियंत्रण आणण्याची शिफारस होती. १९३३ चे विधेयक रद्दबातल झाले. १९३५ मध्ये ते पुन्हा मांडण्यात आले व १९३६ मध्ये संमत होऊन २८ मार्च १९३७ पासून अमलात आले.

या कायद्यानुसार कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे सोपविलेल्या मालाचे नुकसान प्रत्यक्ष त्याच्या हयगयीमुळे किंवा कसुरीमुळे झाले असेल तरच कपात करता येई. निव्वळ अपघाताचा भार त्यामुळे कामगारावर टाकता येत नसे. कपात नुकसानीच्या रकमेपेक्षा अधिक नसावी, तीपूर्वी कामगाराला कारणे दाखविण्याची संधी मिळावी आणि तिची नोंद वहीत व्हावी, अशी बंधने होती. दंडाची मर्यादा वेतनाच्या दर रुपयास अर्धा आणा होती व ती रक्कम कामगारांच्या हितासाठीच खर्चावी लागे. १५ वर्षांखालील कामगारास दंड करता येत नसे. गैरवाजवी कपातीविरुद्ध दाद मागता येई. कापलेली रक्कम परत मिळून तिच्या दहापटीपर्यंत भरपाईही देवविता येई.

आरंभी हा कायदा कारखाने व रेल्वे यांतील दरमहा २०० रुपयांखालील वेतनाच्या कामगारांपुरता होता. शेतमजूर व घरकामगार त्याच्या कक्षेबाहेर राहिले.

उत्तरायुष्य व वारसा

१९४० मध्ये कामगार संघटनांचे ऐक्य पूर्ण झाल्यावर जोशी ट्रेड युनियन काँग्रेसचे पुन्हा सरचिटणीस झाले व १९४८ पर्यंत त्या पदावर राहिले. कपातीपूर्वी कामगाराचे म्हणणे ऐकण्याचे तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेतही कायम आहे. मुंबईच्या गिरणगावातील पूर्वीच्या डिलाईल रोडला ना. म. जोशी मार्ग असे नाव देण्यात आले आहे.