मातीचे सत्त्व

११ मे १८८८ रोजी मुंबईतील मांडवी-कोळीवाड्यात एक सभा भरली होती. या सभेत जोतीराव फुले यांना महात्मा ही पदवी अर्पण करण्यात आली. मुलींसाठी शाळा काढणारे समाजसुधारक म्हणून जोतीरावांची कीर्ती सर्वत्र आहे. परंतु हे थोर पुरुष मुळात मळ्यात राबलेले होते. मातीचे सत्त्व कसे राखावे, याचाही त्यांनी सखोल विचार केला होता.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली झाला. लहानपणीच त्यांचे मातृछत्र हरपले. वडील गोविंदराव फुलांचा व भाजीपाल्याचा व्यवसाय करीत. लोकांच्या सांगण्यावरून त्यांनी मुलाला शाळेतून काढले व शेतीच्या कामास लावले. पण या मुलाची बुद्धी शेजारच्या गफार बेग मुन्शी व लेजिट साहेब यांनी ओळखली. त्यांनी वडिलांचे मन वळविले आणि १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत जाऊ लागले. पुस्तक हाती आले तरी माती त्यांनी सोडली नाही. पुढे पुण्याजवळ मांजरी येथे त्यांनी स्वतः शेती केली.

त्या काळी मुंबईत कापडाच्या गिरण्या उभ्या राहत होत्या. कोकणातले व घाटावरचे अनेक शेतकरी गाव सोडून परळ-लालबागेत मजुरीसाठी येत होते. जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली परळ येथे या कामगारांची सभा भरविली. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन पोटाला का पुरत नाही, हा प्रश्न जोतीरावांनाही व्याकूळ करीत होता. १८८३ साली लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी त्याची कारणे निर्भीडपणे मांडली. सारा, कर्ज व अज्ञान ही कारणे तर होतीच. पण जमिनीचा कस उतरला आहे, हेही त्यांनी दाखवून दिले. मुंबईच्या ‘दीनबंधु’ पत्राने ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे छापली, पुढची छापली नाहीत. जोतीराव मात्र खचले नाहीत. मुंबई, ठाणे, जुन्नर अशा ठिकाणी त्यांनी ग्रंथ वाचून दाखविला.

जोतीरावांचे म्हणणे असे : डोंगरावरील पाला कुजून त्याचे उत्तम खत बनते, पण वळवाच्या पावसाने ते ओढ्यांतून वाहून जाते. म्हणून जागोजाग ताली व बंधारे बांधावेत. पाणी आधी शेतात मुरावे, मग नदीला मिळावे. तलावांतला गाळ शेतकऱ्यास फुकट नेऊ द्यावा. चराऊ राने पुन्हा गावाला द्यावीत, म्हणजे गुरे पोसली जातील. शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्यांचे खतही शेतास मिळावे. केवळ खत घालून भागत नाही; घातलेले सत्त्व जागेवर टिकलेही पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

आज शेतकऱ्याच्या हाती युरियासारखी रासायनिक खते आहेत. पण तो नियम बदललेला नाही. युरिया पाण्यात चटकन विरघळतो. मुसळधार पावसाच्या तोंडावर तो टाकला, तर पिकाऐवजी ओढ्याला जातो. गरजेहून अधिक नत्रखत घातले, तर त्याचा अंश मुरत मुरत विहिरीच्या पाण्यात उतरतो व ते दूषित करतो. म्हणून सुजाण शेतकरी आधी मातीची परीक्षा करून घेतो. ठरलेली मात्रा तो एकदम न देता पिकाच्या वाढीप्रमाणे हप्त्याहप्त्याने, मुळांजवळ देतो आणि शेणखत-कंपोस्टची जोडही ठेवतो.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांची प्राणज्योत मालवली. राहुरीच्या कृषी विद्यापीठास त्यांचे नाव दिलेले आहे. दक्षिण मुंबईतील क्रॉफर्ड मार्केटही महात्मा जोतिबा फुले मंडई झाले. त्या मंडईत फळांच्या राशी पाहताना ध्यानी धरावे, की प्रत्येक फळाबरोबर मातीचा थोडा कस शहरात येतो. तो मातीला परत देणे, हे त्या मातीचे ऋण फेडणेच होय.