चित्रकार आरा

हैदराबाद शहराजवळ बोलारम नावाची एक जुनी लष्करी छावणी आहे. तेथे १६ एप्रिल १९१४ रोजी कृष्णाजी हौलाजी आरा यांचा जन्म झाला. त्या काळी बोलारम, नांदेड आणि लातूर ही तिन्ही गावे निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असत. म्हणजे आरा आणि आपले आजे-पणजे हे एकाच राज्याचे प्रजाजन. कृष्णाजी तीन वर्षांचे असतानाच त्यांचे मातृछत्र हरपले. पुढे वडिलांनी दुसरा विवाह केला. त्या घरात बालकाचे मन रमेना. अखेर वयाच्या अवघ्या सातव्या वर्षी त्याने घर सोडले आणि मुंबईची वाट धरली.

मुंबईत ना कोणी सोयरा, ना गाठीला पैसा! साहेब लोकांच्या घरी पडेल ते काम करावे, मोटारगाड्या धुवाव्या-पुसाव्या आणि मिळेल त्यात पोट भरावे, असे त्यांचे दिवस जात. परंतु थोडी सवड मिळताच ते रंग आणि कागद घेऊन बसत. १९३० साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह आरंभिला. ज्याला स्वतःचे म्हणावे असे घरही नव्हते, त्या कोवळ्या तरुणाने देशाच्या हाकेला ओ दिली आणि पाच महिने कारावास भोगला.

सुटकेनंतर हाती पुन्हा तेच मोटारी धुण्याचे फडके आले. मात्र त्यांची चित्रे रुडी फॉन लायडन या कलासमीक्षकाच्या दृष्टीस पडली. हे गृहस्थ आणि त्यांचे स्नेही चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांनी हिटलरच्या राजवटीमुळे युरोप सोडून मुंबईत आश्रय घेतला होता. त्यांनी आरांना उत्तेजन दिले. १९४२ साली आरांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले व दोनच वर्षांनी त्यांना गव्हर्नरांचे पारितोषिक मिळाले.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. त्या दिवसाच्या मिरवणुकीचे एक भव्य चित्र आरांनी रंगविले. तुरुंगवास सोसलेल्या माणसाने काढलेले ते स्वातंत्र्याचे चित्र! ते त्यांनी बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनासाठी पाठविले, तेव्हा परीक्षकांनी ते नाकारले. विलायती धर्तीच्या हुबेहूब चित्रणाला त्या काळी मोठा मान असे. आरांची रेषा आणि त्यांचे रंग त्या चाकोरीत बसणारे नव्हते.

मुलांनो, आणखी एक गोष्ट ध्यानी घ्या. आरांनी मुंबईत ही मिरवणूक रंगविली, तेव्हा त्यांची जन्मभूमी आणि आपला मराठवाडा पारतंत्र्यातच होता. निजामाच्या राज्यात तिरंगा फडकविणाऱ्यांना अटक होत होती. स्वामी रामानंद तीर्थ यांनाही त्याच दिवशी अटक झाली. आपल्याकडे स्वातंत्र्य आले ते १७ सप्टेंबर १९४८ रोजी.

चित्र नाकारले गेले, पण ते प्रकरण तेथे मिटले नाही. त्याच वर्षी आरा, गोव्याचे फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि सय्यद हैदर रझा यांनी पुढाकार घेतला. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन, विदर्भाचे हरी अंबादास गाडे व शिल्पकार सदानंद बाकरे त्यांना येऊन मिळाले. या सहा जणांचा ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ स्थापन झाला. विलायतेची नक्कल करावयाची नाही, जुन्या भारतीय चित्रांचीही करावयाची नाही. नव्या देशाचे चित्र आपल्याच डोळ्यांनी पाहून काढावयाचे, असा त्यांचा निर्धार होता. फाळणीच्या वणव्यात धर्माधर्मांत वैर पेटले असताना हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती तरुण एकत्र बसून रंग कालवीत होते, हे मला त्यांच्या कोणत्याही चित्राइतकेच मोलाचे वाटते. १९४९ साली त्यांचे पहिले प्रदर्शन मुंबईत भरले.

पुढे सूझा व बाकरे लंडनला आणि रझा पॅरिसला गेले. आरा मुंबईतच राहिले. फुलदाण्या, फळे, मडकी अशा साध्यासुध्या वस्तू ते रंगवीत. जलरंगही ते तैलरंगासारखे दाट वापरीत. ज्या सोसायटीने त्यांची मिरवणूक नाकारली होती, तिनेच १९५२ साली त्यांच्या दोन सुरयांच्या चित्राला सुवर्णपदक दिले.

उत्तरायुष्यात आर्टिस्ट्स सेंटर या संस्थेच्या कामी त्यांनी आपला बराच काळ वेचला. धडपडणाऱ्या नवोदित चित्रकारांना त्यांचा मोठा आधार असे. स्वतः मात्र ते अखेरपर्यंत साधेपणानेच राहिले. ३० जून १९८५ रोजी मुंबईतच त्यांचे देहावसान झाले.