मौलाना अबुल कलाम आझाद : धर्म मनात, देश सर्वांचा

दरवर्षी ११ नोव्हेंबरला आपण शाळेत राष्ट्रीय शिक्षण दिन साजरा करतो. हा दिवस म्हणजे स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना आझाद यांची जयंती.

त्यांचा जन्म १८८८ साली मक्केत झाला. वडील मोठे धर्मपंडित होते. आझाद लहान असतानाच कुटुंब कोलकात्याला आलं. ते शाळेत कधी गेलेच नाहीत. अरबी, फारसी, गणित, तत्त्वज्ञान सगळं घरीच शिकले. १९१२ साली त्यांनी 'अल-हिलाल' हे उर्दू साप्ताहिक सुरू केलं. मुसलमानांनी स्वातंत्र्यलढ्यात उतरावं, असं ते त्यात धर्माचाच आधार घेऊन सांगत. सरकारला ते रुचलं नाही. साप्ताहिक बंद पडलं आणि पुढे आझादांना रांचीला नजरकैदेत ठेवलं गेलं.

१९२३ मध्ये, वयाची पस्तिशी पूर्ण होण्याआधीच, ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९४० मध्ये रामगडच्या अधिवेशनात पुन्हा अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. त्याच महिन्यात लाहोरला मुस्लिम लीगने मुसलमानांसाठी वेगळ्या राज्यांची मागणी केली. आझादांनी रामगडला नेमकं उलट सांगितलं. मी मुसलमान आहे याचा मला अभिमान आहे आणि मी भारतीय आहे याचाही. या दोन्हींत भांडण नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा सारांश होता.

१९४२ च्या 'छोडो भारत' आंदोलनात त्यांना अटक झाली आणि आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं गेलं. इकडे ते कैदेत, तिकडे कोलकात्यात पत्नी झुलेखा बेगम आजारी. तरीही त्यांनी सरकारकडे सुटकेची याचना केली नाही. १९४३ मध्ये पत्नी गेल्या. शेवटची भेटही झाली नाही.

बहुसंख्यांच्या राज्यात आपलं काय होईल, ही भीती अनेक मुसलमानांच्या मनात होती. आझादांनी ती हसण्यावारी नेली नाही. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण केंद्राकडे ठेवा, बाकीचा कारभार प्रांतांकडे द्या, असा तोडगा त्यांनी सुचवला. फाळणी झाली तरी कोट्यवधी मुसलमान भारतातच राहतील, मग त्यांचा प्रश्न सुटला कुठे, असं ते विचारत. पण त्यांचं ऐकलं गेलं नाही. १९४७ ला देश तुटला, लाखो माणसं बेघर झाली.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या जामा मशिदीत त्यांनी भेदरलेल्या मुसलमानांना देश सोडून जाऊ नका, असं कळकळीने सांगितलं. नंतर शिक्षणमंत्री म्हणून त्यांनी सर्व मुलांच्या शिक्षणाचा आग्रह धरला. खरगपूरची आयआयटी, विद्यापीठ अनुदान आयोग, साहित्य अकादमी या संस्था त्यांच्याच काळात उभ्या राहिल्या. २२ फेब्रुवारी १९५८ रोजी त्यांचं निधन झालं. १९९२ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं.

पुढे १९७१ मध्ये पाकिस्तानचेच दोन तुकडे झाले. धर्म एकच होता, पण बंगाली भाषेचा मान आणि सत्तेतला वाटा नाकारला गेला होता. नुसत्या धर्माच्या धाग्याने देश बांधून राहत नाही, हे तेव्हा जगाने पाहिलं.

मुलांनो, एक गोष्ट लक्षात घ्या. धर्माच्या नावावर देश नको, असं म्हणणारा हा माणूस धर्म न मानणारा नव्हता. त्यांनी कुराणावर मोठा ग्रंथ लिहिला. श्रद्धा पक्की होती, म्हणूनच तिला सीमारेषेची गरज त्यांना वाटली नाही. वर्गात एका बाकावर बसताना आपण शेजाऱ्याचा धर्म विचारतो का? नाही ना! देशाचंही तसंच आहे.

मौलाना आझाद यांना विनम्र अभिवादन!