सोप्या मराठीसाठी अठरा वर्षं : पंडिता रमाबाई

मराठी वाचताना तुम्ही एखाद्या शब्दाला अडता का? मग पुढचं वाक्यही अवघड वाटतं आणि पुस्तक मिटावंसं वाटतं. अशाच अडणाऱ्या वाचकांसाठी एका बाईंनी आयुष्याची शेवटची अठरा वर्षं दिली. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे विद्वान होते. त्या काळी बायकांना संस्कृत शिकवत नसत. पण शास्त्रीबुवांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना शिकवलं आणि आईने रमाला शिकवलं. हे कुटुंब गावोगावी फिरून पुराणं सांगायचं. रमाला हजारो श्लोक पाठ होते.

मग दुष्काळ पडला. उपासमारीत आईवडील गेले. रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास फिरत फिरत १८७८ मध्ये कोलकात्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तेव्हा ती फक्त वीस वर्षांची होती!

पुढे भाऊ वारला. रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न केलं, पण दोनच वर्षांत तेही गेले. छोट्या मनोरमाला घेऊन रमाबाई पुण्याला आल्या.

१८८३ मध्ये त्या शिकायला इंग्लंडला गेल्या आणि तिथे ख्रिस्ती झाल्या. पुण्यात त्यांचं कौतुक करणारे बरेच लोक त्यामुळे नाराज झाले. पण चर्चमधल्या मोठ्या लोकांचं सगळंच त्यांनी मुकाट्याने ऐकलं, असंही नाही. त्या स्वतः बायबल वाचायच्या, प्रश्न विचारायच्या आणि पटेल तेच मानायच्या.

भारतात परतल्यावर त्यांनी विधवा मुलींसाठी 'शारदा सदन' ही शाळा काढली. नंतर पुण्याजवळ केडगावला 'मुक्ती' हा आश्रम सुरू केला. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या शेकडो मुली आणि बायका तिथे राहायला आल्या.

इथेच एक अडचण समोर आली. मराठीत बायबल आधीपासून होतं, पण त्यात जड संस्कृत शब्द फार होते. रमाबाईंना ते सहज कळायचं. नुकतीच अक्षरं शिकलेल्या मुलींना मात्र कळत नव्हतं. आता काय करायचं? मुलींना संस्कृत शिकवायचं, की पुस्तकच सोपं करायचं?

रमाबाईंनी पुस्तक सोपं करायचं ठरवलं. पण नुसते शब्द बदलून चालणार नव्हतं. मूळ अर्थ नीट कळायला हवा होता. बायबलचा जुना करार बहुतेक हिब्रू भाषेत आहे आणि नवा करार ग्रीक भाषेत. म्हणून चाळिशी उलटून गेल्यावर त्या या दोन्ही भाषा शिकायला बसल्या! छपाईचं काम आश्रमातच होई. मुली स्वतः खिळे जुळवायच्या, म्हणजे शिशाची एकेक अक्षरं ओळीत लावायच्या.

१९२१ मध्ये मनोरमा वारली. लेकीच्या दुःखातही रमाबाईंनी काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. १९२४ मध्ये त्यांचं संपूर्ण मराठी बायबल प्रसिद्ध झालं.

अवघड भाषा येणं ही विद्वत्ता आहेच. पण ज्याला ती येत नाही, त्याच्यासाठी सोपं लिहायलाही तितकीच विद्वत्ता लागते.

विचार करा : तुम्हाला आवडणारी एखादी गोष्ट आजीला सोप्या मराठीत सांगायची झाली, तर कोणते शब्द बदलाल?