परळच्या हाफकिनला आज सगळे ओळखतात, पण एका चिमट्यामुळे हा माणूस बदनाम झाला होता

पोलिओच्या डोसमुळे परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचं नाव घराघरात पोचलं. पण हे हाफकिन नेमके कोण होते?

वॉल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० चा, काळ्या समुद्रावरच्या ओडेसा शहरातला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस बनवली आणि १८९२ साली ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला आणि सरकारनं हाफकिन यांना बोलावून घेतलं. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना छोटीशी प्रयोगशाळा मिळाली. तिथं त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पुन्हा पहिली सुई स्वतःलाच टोचली. मग भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी झाली.

आता प्रश्न होता एवढ्या मोठ्या देशाला पुरेल इतकी लस बनवायची कशी?

हाफकिन यांनी मटणाच्या रश्शावर तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढायचे. भांडं हलवलं की ते तळाशी पडायचे आणि वर नवे वाढायचे. मग उष्णता देऊन जंतू मारायचे आणि लस खराब होऊ नये म्हणून कार्बोलिक ॲसिड घालायचं.

पुढे पंजाबातून प्रचंड मागणी आली. लस लवकर तयार व्हावी म्हणून कार्बोलिक ॲसिड वगळलं गेलं आणि सगळी भिस्त उष्णतेवर राहिली.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वातानं दगावले. चौकशीत ठपका आला मुंबईच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांना पद सोडावं लागलं.

पण गावातच एक गोष्ट घडली होती. बाटलीचं बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. शिवाय धनुर्वाताचे जंतू बाटलीत आधीपासून वाढत असते, तर ती उघडताच दुर्गंधी यायला हवी होती. ती आली नव्हती.

मलेरियावरच्या संशोधनासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी हा मुद्दा लावून धरला. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. ते भारतात परतले, पण कलकत्त्याला. मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही.

१९२५ मध्ये त्याच प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. १९३० साली स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचं निधन झालं.